खेळ आपला, मैदान परक्याचे

खेळावर पोट भरणे ही गोष्ट आपल्या समाजाला अपरिचित नाही. संस्थानांच्या काळी मल्लांना राजाश्रय असे. त्यांच्या खुराकाचा खर्च दरबार सोशीत असे. पुढे क्रिकेटने कित्येक घरांचे दारिद्र्य फिटले. तथापि खुर्चीवर बसून, संगणकाच्या पडद्यावरील काल्पनिक सैन्ये एकमेकांवर सोडून, विशीतला तरुण कोट्यवधी रुपये मिळवितो असे कोणी सांगितले, तर आपल्या घरातील वडीलधारी मंडळी प्रथम हसतील. आणि नातू मोबाईल हाती घेऊन कोपऱ्यात बसलेला दिसला, की तितकीच धास्तावतील. या हसण्यामागे आणि धास्तीमागे बहुतांशी माहितीचा अभाव असतो. म्हणून हा व्यवसाय जेथे प्रथम रुजला त्या दक्षिण कोरियाची हकीकत सांगावी, त्यातला पैसा येतो कोठून आणि टिकतो किती दिवस हे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१९९७ च्या अखेरीस दक्षिण कोरिया मोठ्या आर्थिक अरिष्टात सापडला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे त्या देशाला हात पसरावा लागला. अनेक उद्योग बुडाले आणि हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच सुमारास सरकारने वेगवान इंटरनेटचे जाळे देशभर विणण्याचा सपाटा लावला होता. नोकरी गमावलेल्या अनेकांनी उरलीसुरली पुंजी घालून 'पीसी बांग' काढले. 'बांग' म्हणजे खोली. तासाच्या दराने संगणक वापरायला देणारी ही दुकाने गल्लोगल्ली झाली आणि तरुणांचे अड्डे बनली. १९९८ साली ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीचा 'स्टारक्राफ्ट' हा खेळ बाजारात आला आणि या अड्ड्यांना जणू त्यांचे दैवतच सापडले.

हा खेळ म्हणजे एक प्रकारचे बुद्धिबळच. पण त्यात पाळी नसते. दोन्ही खेळाडू एकाच वेळी खनिजे गोळा करतात, वसाहत उभारतात, सैन्य वाढवितात आणि चाल करून जातात. प्रतिपक्षाची तयारी अंधारात असते. ती जाणण्यासाठी हेर पाठवावे लागतात. निष्णात खेळाडूची बोटे एका मिनिटात ३०० हून अधिक आज्ञा देतात. ही केवळ करमणूक नव्हे, हे ध्यानात येण्यास एवढे पुरेसे आहे.

२००० साली 'कोरिया ई-स्पोर्ट्स असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली आणि केवळ या खेळांना वाहिलेली दूरचित्रवाणी वाहिनीही सुरू झाली. टेलिफोन आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बड्या कंपन्यांनी आपापले संघ बाळगले. खेळाडूंना वेतन मिळू लागले. एका घरात एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे आणि दिवसाचे दहा-बारा तास सराव करायचा, असा तालमीला शोभणारा त्यांचा दिनक्रम असे. या पिढीचा नायक म्हणजे १९८० साली जन्मलेला लिम यो-ह्वान. चित्रपटातील नटांसारखे त्याचे चाहते होते. २००४ साली बुसान शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला लाखभर प्रेक्षक जमल्याचे सांगण्यात आले. कोरियात तरुणांना लष्करी सेवा सक्तीची आहे. लिम सैन्यात गेला, तेव्हा हवाई दलाने चक्क या खेळाचा स्वतःचा संघ उभारला!

एवढे वैभव पाहून कोणालाही वाटावे, की हा वृक्ष आता शतकभर सावली देणार. पण घडले ते निराळेच.

जमिनीचा मालक कोण?

कुस्ती कोणाच्या मालकीची आहे? बुद्धिबळ कोणाचे? या खेळांच्या संस्था असतात, त्यांत भांडणेही होतात. परंतु उद्यापासून कुस्ती बंद, असे म्हणण्याचा अधिकार जगात कोणालाही नाही. संगणकावरील खेळाचे तसे नाही. तो एका कंपनीने निर्माण केलेला, कायद्याने तिच्या मालकीचा माल आहे. नियम तीच ठरविते आणि बदलतेही तीच. तिच्या अनुमतीवाचून कोणी स्पर्धा भरवू शकत नाही की प्रक्षेपित करू शकत नाही. कुळाने जमीन कितीही घाम गाळून कसली, तरी सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचेच, असा हा प्रकार आहे.

कोरियात हे उघड झाले ते २०१० साली. प्रक्षेपणाच्या हक्कांवरून ब्लिझार्ड आणि कोरियातील संस्था व वाहिन्या यांच्यात वाद पेटला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. २०११ मध्ये तडजोड झाली. पण तोवर बरेच नुकसान होऊन गेले होते. त्याच २०१० साली दुसरा आघात झाला. सट्टेबाजांकडून पैसे घेऊन सामने मुद्दाम हरल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि ११ खेळाडूंना कायमचे बाहेर काढण्यात आले. त्यांत एक माजी विजेताही होता. लोकांचे मन विटले, आणि ते दुसऱ्या खेळांकडे वळले. २०१२ साली दोन प्रमुख वाहिन्यांपैकी एकीने खेळ सोडून संगीत धरले, आणि २०१६ मध्ये सांघिक साखळी स्पर्धाच बंद पडली. खेळ बाजारात आल्यापासून सारी अठरा वर्षे! एका मुलाचे शिक्षण पुरे होण्यास लागतो तेवढ्या अवधीत एक व्यवसाय उगवला, बहरला आणि मावळला. लिम यो-ह्वाननेही पुढे पत्त्यांच्या पोकर या खेळाची वाट धरली.

बक्षिसांच्या डोळे दिपविणाऱ्या रकमांचीही हीच कथा. 'डोटा २' या खेळाची 'द इंटरनॅशनल' ही जागतिक स्पर्धा २०११ साली सुरू झाली, तेव्हा पहिले बक्षीस १० लाख डॉलरचे होते. पुढे व्हाल्व्ह या मालक कंपनीने एक युक्ती योजिली. स्पर्धेच्या निमित्ताने खेळातील शोभेच्या वस्तू चाहत्यांना विकायच्या आणि त्या विक्रीचा चौथा हिस्सा बक्षिसांत घालायचा. थेंबे थेंबे तळे साचले आणि २०२१ साली बक्षिसांची एकूण रक्कम ४ कोटी डॉलरवर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३०० कोटी रुपयांवर गेली. विजेत्या संघाला १ कोटी ८२ लाख डॉलर मिळाले. डेन्मार्कच्या योहान सुंडस्टाईनने आपल्या संघासह २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे हीच स्पर्धा जिंकली. त्याची बक्षिसांची कमाई ७० लाख डॉलरच्या वर गेली. मात्र २०२३ साली कंपनीने ती विक्रीची पद्धतच बदलली. त्या वर्षी बक्षिसांची एकूण रक्कम सुमारे ३२ लाख डॉलरवर घसरली. खेळाडूंचे कौशल्य दोन वर्षांत बारा पटींनी घटले नव्हते. घटला तो मालकाचा हात.

सहा वेळा जगज्जेता

असे असूनही या परक्या मैदानावर एखादा पाय रोवून उभा राहतो. ली सांग-ह्योक हे त्याचे नाव. जग त्याला 'फेकर' या टोपणनावाने ओळखते. १९९६ साली सोल येथे जन्मलेला हा मुलगा वडिलांच्या आणि आजीच्या छायेत वाढला. २०१३ साली शाळा अर्धवट सोडून तो 'लीग ऑफ लेजेंड्स' या पाच जणांच्या सांघिक खेळात व्यावसायिक म्हणून उतरला आणि त्याच वर्षी जगज्जेता झाला. शिक्षकी पेशातील माणसाला ही शाळा सोडल्याची गोष्ट लिहिताना अवघड वाटते. परंतु ती वगळून सांगितलेली कथा खरी ठरणार नाही.

२०१५ आणि २०१६ साली त्याने पुन्हा जगज्जेतेपद मिळविले. २०१७ चा अंतिम सामना हरल्यावर हजारो प्रेक्षकांसमोर त्याला रडू आवरले नाही. त्यानंतरची काही वर्षे जगज्जेतेपदावाचून गेली. या व्यवसायात पंचविशीतच माणसाला म्हातारा समजतात. फेकरचे दिवस संपले असे सारे म्हणू लागले. २०२३ मध्ये हाताच्या दुखण्याने त्याला महिनाभर बसावे लागले. तरीही त्याच वर्षी सोलमध्ये त्याने चौथे जगज्जेतेपद मिळविले. २०२४ मध्ये लंडन आणि २०२५ मध्ये चीनमधील छंगदू येथे पाचवे व सहावे. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कोरियाने या खेळात सुवर्णपदक पटकाविले आणि त्यायोगे संघातील खेळाडूंना लष्करी सेवेतूनही सूट मिळाली. इतक्या वर्षांत त्याने संघ बदलला नाही. परदेशातून याहून मोठ्या रकमांची बोलावणी आल्याचे त्याच्या संघाच्या प्रमुखांनीच सांगितले आहे. त्याचा वाचनाचा छंदही चाहत्यांत प्रसिद्ध आहे.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. शितावरून भाताची परीक्षा करावी हा स्वयंपाकघरातला नियम येथे लागू पडत नाही. कोरियातील या खेळाच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत संघ दहा, प्रत्येकी खेळाडू पाच. म्हणजे साऱ्या देशात मुख्य जागा पन्नास. त्या पन्नासांतही फेकर एकच. शाळेकडे पाठ फिरवून रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्या मुलांची नावे कोणी छापीत नाही. कोरियन समाजाला याची जाणीव होती. २०११ साली त्यांनी कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत असे खेळ खेळण्यास मनाई केली. २०२२ च्या आरंभी तो कायदा रद्द झाला आणि ही जबाबदारी पालकांकडे सोपविण्यात आली. देशाने एका हाताने विजेत्यांना हार घातले आणि दुसऱ्या हाताने मुलांच्या खोलीचे दार लावून घेतले, यात विसंगती नाही. दोन्हींची गरज होती.

आपल्या घरात

आपल्याकडेही हे वारे पोहोचून बराच काळ लोटला. २०१८ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत हा प्रकार प्रात्यक्षिक म्हणून होता. तेव्हा भूजच्या तीर्थ मेहता या तरुणाने कांस्यपदक मिळविले. मात्र मैदान परक्याचे असल्याचा चटकाही आपण अनुभवला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी मोबाईल' या खेळावर सरकारने बंदी घातली. त्याची भारतीय आवृत्ती २०२१ मध्ये आली, जुलै २०२२ मध्ये तीही अडविली गेली आणि सुमारे दहा महिन्यांनी पुन्हा खुली झाली. ज्या तरुणांनी या एकाच खेळावर सारी मदार ठेविली होती, त्यांच्या पायाखालची जमीन दोनदा सरकली.

आणखी एक गल्लत टाळली पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्सला मात्र स्पर्धात्मक क्रीडा म्हणून मान्यता दिली. पहिला प्रकार द्यूताचा, दुसरा कसबाचा. पोरगा 'मी खेळून पैसे मिळवीन' म्हणतो, तेव्हा तो यांपैकी कशाविषयी बोलतो आहे, हे आईवडिलांनी प्रथम विचारावे.

कसबाविषयी बोलत असेल तर त्याची थट्टा करू नये. मोठ्या स्पर्धांत तो कितव्या क्रमांकावर येतो, हे त्याला आकड्यांत सांगायला लावावे. मित्रांचे कौतुक हे प्रमाण नव्हे. स्वतःचे हरलेले सामने तो पुन्हा पाहतो का, चुका टिपून ठेवतो का, हेही पाहावे. खेळाडू आणि खेळवेडा यांतील भेद तेथे कळतो. झोप, जेवण, अभ्यास, माणसांशी बोलणे ही सारी मागे पडून खेळ आवरेनासाच झाला असेल, आणि हानी दिसत असूनही महिनोन्‌महिने तसेच चालले असेल, तर तो विकार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याचा रोगांच्या यादीत समावेश केला आहे. तेथे रागावण्यापेक्षा डॉक्टरांकडे नेणे हिताचे.

आणि शाळा? ती सुटू देऊ नये. फेकरने सोडली म्हणून आपल्या मुलानेही सोडावी, असा हिशेब मांडणाऱ्याने त्या पन्नास जागा आणि 'स्टारक्राफ्ट'ची अठरा वर्षे पुन्हा मोजावीत. सोलमधील एका नामांकित संघाने २०१९ साली काढलेल्या अकादमीत खेळाच्या सरावाबरोबर शालेय अभ्यासक्रमही ठेवला, तो उगाच नव्हे. मुलाच्या बोटांतले कसब त्याचे स्वतःचे आहे. ते ज्या खेळात चालते तो खेळ मात्र दुसऱ्याचा आहे. तो खेळ उद्या बंद झाला तरी मुलाला दुसरीकडे उभे राहता यावे, एवढी शिदोरी त्याच्या गाठीला बांधून देणे आपल्या हाती आहे.