फडात पडलेल्या पोराला उचलू नका

मागच्या वेळी उन्हाळ्यातल्या जुलाबांवर लिहिलं होतं. या वेळी कुस्तीवर लिहिते आहे. आरोग्याच्या पानावर कुस्ती कशाला, असं काहींना वाटेल. पण जत्रांचे दिवस आले आहेत. सातारा-सांगलीकडं जत्रेला फड भरत नाही असं गाव शोधावं लागेल, आणि त्या फडात आपल्या वस्त्यांमधली पोरंही लंगोट लावून उतरतात. कुणाला पोलीस भरतीसाठी अंग कमवायचं असतं, कुणाला नाव. काहींना नुसती पाचशे-हजाराच्या इनामाची आस असते.

मी नर्स असतानाची एक रात्र सांगते. मी कॅज्युअल्टीत ड्युटीला होते. अकराच्या सुमारास एक जीप आली. मागच्या सीटवर दोघा मित्रांच्या मध्ये एकोणीस वर्षांचा एक मुलगा बसवून आणलेला. अंगाला अजून तांबडी माती, मान एका बाजूला कललेली. शुद्धीवर होता, बोलतही होता. "सिस्टर, पाय कुठायत माझे?" हा त्याचा पहिला प्रश्न. समोरच्यानं उचलून टाकल्यावर तो डोक्यावर पडला होता. पडल्या पडल्या चार जणांनी बगलेत हात घालून उभा केला. उभा राहीना म्हणून खांद्यावर टाकून फडाबाहेर नेला, तोंडावर पाणी मारलं, एकानं तर मान चोळून दिली. मग जीप, आणि पंधरा-वीस किलोमीटर खड्ड्यांचा रस्ता. त्याची आई मागून दुसऱ्या गाडीनं आली. ती त्याच्या तळपायांना हात लावून विचारत होती, "पाय गार का लागत्यात ओ बाई?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते द्यायला तोंड उघडेना.

मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो. मेंदूचा हातापायांना जाणारा सगळा हुकूम त्या करंगळीएवढ्या दोरीतून जातो. डोक्यावर पडल्यावर मणका मोडतो किंवा सरकतो, पण दोरी प्रत्येक वेळी त्याच क्षणी तुटते असं नाही. पुष्कळदा ती नुसती दबलेली असते. मग आपण उचलतो, बसवतो, मान हलवतो, आणि सुटा झालेला मणका दोरीत घुसतो. इजा मानेच्या वरच्या भागात असेल तर श्वासाच्या पडद्याला जाणाऱ्या नसाच बंद पडतात. त्या मुलाचं नुकसान फडात किती झालं आणि जीपमध्ये किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या मनातून तो प्रश्न अजून गेलेला नाही.

हे एकट्याचं नाही. २०१८ साली आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, पन्हाळा तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत विशीतला एक मल्ल असाच मानेवर पडला आणि काही दिवसांनी रुग्णालयात गेला. त्या कुस्तीचा व्हिडिओ मोबाईलवर गावोगाव फिरला. लोकांनी तो पाहिला, हळहळले, पुढं पाठवला. तसा पोरगा आपल्यासमोर पडला तर काय करायचं, हे मात्र त्यासोबत कुणी पाठवलं नाही. म्हणून इथं लिहिते.

पोरगा डोक्यावर किंवा मानेवर पडला आणि उठला नाही, तर त्याला मातीतच राहू द्या. हलगी थांबवा, गर्दी मागं सारा. एकानं त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसावं आणि दोन्ही तळव्यांनी डोकं दोन्ही बाजूंनी धरावं. डोकं आहे तसंच धरायचं, सरळ करायला जायचं नाही. "मान हलवू नको, आम्ही आहोत" असं त्याला सांगत राहायचं. दुसऱ्यानं विचारावं, बोटं हलतात का, पायाला हात लावलेला कळतो का, मुंग्या येतात का. उत्तर काहीही येवो, मान दुखते म्हणाला तरी मणका मोडलाय असंच समजायचं. पाणी पाजायचं नाही, चोळायचं नाही. १०८ ला फोन करून "कुस्तीत मानेला मार लागलाय" असं स्पष्ट सांगायचं. उलटी झाली तर चार-पाच जणांनी डोकं, खांदे, कंबर, पाय एकाच वेळी, एका ओंडक्यासारखं कुशीवर वळवायचं. ॲम्ब्युलन्स येणारच नसेल आणि न्यावंच लागलं, तर दाराची फळी किंवा बाकाची पाटी घ्या, तिच्यावर सरळ झोपवा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना मातीच्या किंवा कपड्याच्या पुरचुंड्या लावून पट्टीनं बांधा. बसवून कधीच नेऊ नका. फक्त श्वासच बंद असेल तर मानेची वाट बघत बसू नका, छाती दाबायला घ्या. आधी जीव.

डोक्याला मार लागून पोरगा क्षणभर बेशुद्ध झाला, मग उठून "काय न्हाई झालं" म्हणाला, तर त्यालाही त्या दिवशी परत उतरवू नये. ओकारी, गुंगी, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, डोकेदुखी वाढत जाणं यातलं काही दिसलं तर रात्र घरी काढू नका.

मान मोडणं क्वचित घडतं. गुडघा मात्र प्रत्येक तालमीत कुणाचा ना कुणाचा गेलेला असतो. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी स्वतंत्र भारतासाठी वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिम्पिक पदक आणलं. त्या प्रवासासाठी कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवल्याची गोष्ट आपल्याकडं सगळ्यांना माहीत असते. पुढच्या ऑलिम्पिकच्या आधी त्यांचा गुडघा जायबंदी झाला आणि ते स्वप्न तिथंच राहिलं, ही गोष्ट तितकी सांगितली जात नाही. समोरचा पट काढतो, पाय मातीत रुतलेला असतो आणि अंग वरून फिरतं. आत कट्‌ असा आवाज येतो, तासा-दोन तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजतो. ही लिगामेंटची इजा असते. हाडवैद्याकडून ओढून घेऊन, लेप लावून पंधरा दिवसांनी पोरगा परत जोर-बैठका मारायला लागतो. गुडघा लटकतच राहतो आणि आतली गादी झिजत जाते. चाळिशीत जिना उतरताना कठडा धरणारे किती तरी जुने पैलवान मी पाहिले आहेत. सुजेल तेव्हा बर्फ, पट्टी, पाय उंच, आणि हाडांच्या डॉक्टरकडून तपासणी, हे सगळं पहिल्या आठवड्यातच व्हायला हवं.

मोडलेला कान म्हणजे पैलवानाचा दागिना, असं तालमीत म्हणतात. मला तो दागिना कधी आवडला नाही. घासून घासून कानाच्या कुर्च्यात रक्त साठतं, कुर्च्याचं पोषण तुटतं आणि कान गोळा होऊन बसतो. दोन-तीन दिवसांत दवाखान्यात रक्त काढून दाबपट्टी केली तर कान वाचतो. मात्र तालमीतल्या तालमीत सुईनं रक्त काढणारे असतात, त्यांच्या हाती कान देऊ नका. पू झाला तर कुर्चा सडतो, आणि तीच सुई दुसऱ्याला लावली तर कावीळ आणि एचआयव्हीसुद्धा जाऊ शकतो.

हौद्यातल्या मातीत दूध, ताक, तेल, हळद, लिंबू घालतात, त्यामुळं माती औषधी होते अशी समजूत आहे. माती मऊ होते, हे खरं. पण धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात आणि हळदीनं ते मरत नाहीत. शाळेत दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीचं इंजेक्शन देतात, ते चुकलं असेल तर आरोग्य केंद्रात फुकट घेऊन या. गजकर्ण किंवा पाण्याचे फोड आलेल्या पोराला बरा होईपर्यंत मातीत उतरवू नये. एकाच्या अंगावरचं आठवड्याभरात तालमीभर होतं. लंगोट आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा.

घरातल्या लहानग्यांबद्दलही एक सांगते. टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती बघून पोरं गादीवर एकमेकांना उचलून आपटतात. "ती खोटी असते" म्हणून आपण हसतो. निकाल ठरलेला असतो हे खरं, पण पडणं खरंच असतं. १९९९ साली ओवेन हार्ट नावाचा मल्ल छतावरून दोरानं खाली येताना सुटला आणि मेला. त्याच वर्षी ड्रॉझ नावाचा दुसरा एक मल्ल एका चुकलेल्या डावात मानेवर पडून कायमचा लुळा झाला. वर्षानुवर्षं शिकलेल्या माणसांचं हे झालं. आपल्या पत्र्याच्या खोलीत तर खाली फरशी असते.

आता इंजेक्शनांबद्दल. हे लिहिल्यावर काही वस्ताद माझ्यावर रागावतील, रागावू देत. ऑपरेशनच्या वेळी कमरेत भूल दिल्यावर पेशंटचा रक्तदाब एकदम उतरला तर आम्ही मेफेंटरमिन देतो, मॉनिटर लावून, डॉक्टर शेजारी उभे असताना. तेच औषध आज पश्चिम महाराष्ट्रात पोरं दम वाढतो म्हणून स्वतःच्या हातानं टोचून घेतात. पोलिसांनी साठे पकडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. चांगल्या तरुणाचा रक्तदाब त्यानं एकदम चढतो, छाती धडधडते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हृदय बंद पडू शकतं. सवय लागली की झोप जाते, संशय येतो, माणूस हिंसक होतो. स्टिरॉइडचं तर विचारूच नका. अंग फुगतं, पण वृषण आकसतात, पुढं मूल होताना अडचण येते, यकृत बिघडतं. मुलाच्या पिशवीत सिरिंज दिसली तर मारहाण करू नका. त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात जा.

वजन उतरवणं हा मॅटवरच्या कुस्तीतला धोका आहे. पाणी तोडायचं, स्वेटर घालून पळायचं, थुंकत बसायचं, असे प्रकार चालतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत असंच वजन उतरवताना कॉलेजचे तीन मल्ल एका पाठोपाठ मेले. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट १०० ग्रॅमनं बाद झाली ते आपण पाहिलं. त्या रात्री तिच्या अंगानं काय सोसलं असेल याची चर्चा कमी झाली. २०२३ ला सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हापासून आपल्या मुलीही तालमीत जायचं म्हणतात. जरूर पाठवा. फक्त खेळू लागल्यावर पाळी दोन-तीन महिने थांबली तर "खेळामुळं होतं" म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी पडतंय आणि हाडं ठिसूळ होत चाललीत, याची ती खूण असू शकते. हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

गावच्या मैदानात वजनकाटा नसतो. जोड नजरेनं लावतात, आणि नजर पुष्कळदा गर्दीच्या टाळ्यांवर असते. साठ किलोच्या पोरासमोर पंच्याहत्तरचा उभा केला तर बापानं "नको" म्हणावं, त्यात कमीपणा नाही. इनामासाठी वर्गणी मागायला जत्रा कमिटी आपल्या वस्तीतही येते. त्या वेळी चार गोष्टी विचारा. माती किती खोल उकरणार, फडाजवळ ॲम्ब्युलन्स असणार का, मानेचा पट्टा आणि स्ट्रेचर कुणाकडं असणार, मल्लांचा विमा काढला का. हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी झालेल्यांना सरकार मानधन देतं. पाचशेच्या कुस्तीत मोडलेल्याला कोण देतं?

त्या मुलाला दिलं ते त्याच्या आईनं. मणक्याचं ऑपरेशन झालं, हात थोडे परत आले, पाय आले नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर पाठीला जखमा होतात, हे मी तिला वॉर्डात शिकवलं. रात्री गजर लावून ती उठायची. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तिनं सात-आठ हेलपाटे घातले, कारण आधी काय करायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्याकडं असं कुणी असेल तर आधी यूडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरा, तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. ते कार्ड हातात आलं की तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज द्या. दवाखान्यात भरती करताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुठली शस्त्रक्रिया बसते, कुठली नाही, ते तो सांगेल. पैसे भरून झाल्यावर ते परत मिळवणं फार अवघड जातं. त्या माऊलीनं आधीच भरले होते, कानातलं मोडून.