गाडीला थांबवतं शेपूट

सातवीतल्या एका मुलीने विचारलं आहे, हॅचबॅकच्या मागच्या काचेला वायपर असतो, मग सेडानला का नसतो?

उत्तर एसटीच्या पाठीवर लिहिलेलं असतं. कच्च्या रस्त्याने एसटी गेली की धूळ चाकांमागे उडते आणि बसते मात्र बसच्याच मागच्या काचेवर. टपावरून, कडेने सुसाट आलेल्या वाऱ्याला उभ्या पाठीशी एकदम वळता येत नाही. तिथे दाब कमी होतो, भोवरे घुमतात आणि धूळ, चिखल काचेवर आणून थापतात. हॅचबॅकची पाठही अशीच उभी, म्हणून तिला वायपर. हाच कमी दाब गाडीलाही मागे खेचतो. वारा गाडीच्या नाकावर आदळतो म्हणून ती अडते असं आपण समजतो. खरी मोठी ओढ असते शेपटाची. आणि वेग दुप्पट झाला की हा विरोध चौपट होतो.

उपाय ठाऊक होता: पाण्याच्या थेंबासारखं निमुळतं होत जाणारं शेपूट. झेपेलिन वायुनौकांवर काम केलेल्या पॉल यारायने ते मोटारींसाठी रेखाटलं. पण इतकं लांब शेपूट घेऊन गाडी लावायची कुठे? १९३०च्या दशकात जर्मनीत राइनहार्ड फॉन क्योनिग-फाक्सनफेल्डने सुचवलं की शेपूट हळूहळू उतरतं करा आणि मध्येच सरळ कापून टाका. फायदा बराचसा टिकतो. त्याच्या डोक्यात तेव्हा बसचा आकार होता! नाव मात्र राहिलं श्टुटगार्टच्या प्राध्यापक वुनिबाल्ड काम यांचं. आजही सगळे त्याला 'काम टेल' म्हणतात, आणि मला ते दरवेळी खटकतं.

हा कापलेला उतार कुटुंबाच्या मोठ्या गाडीवर सर्वांत देखणा उतरला तो १९७४च्या सित्रोएन सीएक्समध्ये. रॉबेर ओप्रोंने छपरापासून टोकापर्यंत एकच सलग रेघ ओढली. असा आकार म्हणजे फास्टबॅक. मागची काच चक्क आतल्या बाजूला वाकवलेली, पन्हाळीसारखी. उतारावरून चिकटून येणारा वाराच तिच्यावरचं पावसाचं पाणी पुसून नेई. त्या मुलीच्या प्रश्नाचं याहून सुंदर उत्तर मी पाहिलेलं नाही. सेडानमध्येही वारा तिरक्या काचेवरून डिकीकडे जातो आणि घाणीचा भोवरा काचेऐवजी डिकीमागे राहतो.

उतार किती असावा? १९८४मध्ये संशोधक अहमद आणि सहकाऱ्यांनी मोटारीच्या साध्या ठोकळ्यावर दाखवलं की मागचा उतार साधारण ३० अंशांचा असला की विरोध सर्वाधिक होतो. १२-१३ अंशांना तो सर्वांत कमी.

'सीएक्स' हे नावच फ्रेंचमधल्या वायुविरोधाच्या गुणांकाचं. आकडा होता सुमारे ०.३६, १९८२च्या आउडी १००ने ०.३० गाठला. पण जाहिरातीतल्या या आकड्यांवर भाळू नये. विरोध ठरतो तो गुणांक आणि समोरून दिसणारं क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने. लहानशा गाडीचा गुणांक वाईट असला, तरी तिला वारा कमी अडवू शकतो.

सीएक्स पाहून कुणालाही वाटे, हिची मागची बाजू काचेसकट वर उघडणार. उघडे ती फक्त काचेखालची डिकी. मोठं सामान आत घालायची पंचाईत. १९८९मध्ये तिच्या जागी आलेल्या एक्सएमला सित्रोएनने काचेसकट उघडणारा दरवाजा दिला, आणि त्याच्या आत आणखी एक काच बसवली. सामान भरताना मागच्या सीटवरच्यांच्या मानेला गार वारा लागू नये म्हणून.