माथेरानचा लॉर्ड आणि राणीची गोष्ट

नेरळला उतरायचं, टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचं आणि पुढे लाल मातीतून पायी किंवा घोड्यावर माथेरान गाठायचं. या वाटेवर एक गोष्ट कधी ना कधी कानावर पडते. व्हिक्टोरिया राणीचा एका देखण्या लॉर्डवर जीव जडला होता, म्हणून त्याला हिंदुस्थानात धाडलं आणि त्यानेच डोंगरावर हे गाव वसवलं. गोष्ट गोड आहे, पण तिच्यात तीन-चार माणसांचे धागे एकमेकांत गुंतले आहेत. ते सोडवायला हवेत, कारण त्या गुंत्याखाली कर्जत-खालापूरची खरी माणसं झाकली जातात.

पहिला घोळ नावाचा. गोष्टीतला लॉर्ड म्हणजे एल्फिन्स्टन, पण मुंबईत एल्फिन्स्टन दोन होऊन गेले. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज ज्याच्या नावाचं, तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाई बुडाली तेव्हा तो पुण्यात रेसिडेंट होता, नंतर 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर. घराणं सरदारांचं असलं, तरी हा धाकट्या पातीचा; लॉर्ड हा किताब त्याच्याकडे कधी आलाच नाही. माथेरानशी संबंध आला तो त्याच्या पुतण्याचा. हा जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. जन्म 1807 चा. वडील 1813 मध्ये वारले आणि सहाव्या वर्षीच तो लॉर्ड झाला. 1853 च्या अखेरीपासून 1860 पर्यंत मुंबईचा गव्हर्नर हाच होता. 2018 मध्ये प्रभादेवी झालेलं एल्फिन्स्टन रोड स्टेशन काकाचं नाही, या पुतण्याच्या नावाचं.

आता प्रेमकथा. तरुण जॉन राजाच्या घोडदळात अधिकारी होता आणि 1835 पासून चौथ्या विल्यमच्या दरबारात मानकरी. विल्यमची पुतणी व्हिक्टोरिया तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. 1837 मध्ये जॉन मद्रासचा गव्हर्नर झाला आणि लंडनमध्ये कुजबुज झाली की राजकन्येपासून दूर ठेवण्यासाठीच त्याला पाठवलं. ही कुजबुज त्या काळातलीच, पण तिला पुरावा नाही. मद्रासची गव्हर्नरी म्हणजे मोठ्या मानाची जागा, काळं पाणी नव्हे. शिवाय तो परतल्यावर 1847 मध्ये व्हिक्टोरियानेच त्याला आपल्या दरबारात मानकरी म्हणून घेतलं. तोवर तिच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. ज्याला दूर लोटायचं त्याला कोणी असं जवळ बसवत नाही. तो आजन्म अविवाहित राहिला, आणि गोष्टीला तेवढं पुरलं.

मग एल्फिन्स्टन घराणं राजघराण्याचे नातेवाईक, हे खोटं का? खरं आहे, पण फार पुढचं. जॉन 1860 मध्ये वारला, त्याला मूलबाळ नव्हतं, किताब भाऊबंदांकडे गेला. सोळाव्या लॉर्डने 1910 मध्ये मेरी बोज-लायनशी लग्न केलं. तिची धाकटी बहीण एलिझाबेथ पुढे सहाव्या जॉर्जची राणी झाली. म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथ राणीची सख्खी मावशी एल्फिन्स्टनांच्या घरात होती. माथेरानच्या लॉर्डच्या हयातीत मात्र हे नातं नव्हतं.

गंमत अशी, की राजाचा खरा जावई मुंबईच्या गव्हर्नरीवर त्याच्या आधीच बसून गेला होता. लॉर्ड फॉकलंड, कारकीर्द 1848 ते 1853. त्याची बायको अमेलिया ही चौथ्या विल्यमला डोरोथी जॉर्डन या अभिनेत्रीपासून झालेली मुलगी, म्हणजे व्हिक्टोरियाची चुलत बहीण. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटली तेव्हा गव्हर्नर फॉकलंड होता. आणि मे 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर चढला, तेव्हाही फॉकलंडच.

मॅलेटचा मुक्काम होता चौकला, खालापूर तालुक्यात. आज सगळी वर्दळ नेरळकडून असल्याने ही बाजू विसरली जाते. आणि ‘मॅलेटने माथेरान शोधलं’ हे वाक्य तर पाठ्यपुस्तकी सवयीने आपणही म्हणतो. डोंगरावर धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून राहत होते. माथ्यावरचं रान हे नावसुद्धा मराठीच. मॅलेटने साहेबांसाठी थंड हवेची जागा हेरली, एवढंच.

एल्फिन्स्टनने त्या जागेचं गिरिस्थान करायला घेतलं, हे श्रेय त्याचं आहे. त्याच्याच काळात, 1856 मध्ये, रेल्वे घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोचली आणि मुंबईकरांना डोंगर जवळ आला. पण नेरळ-माथेरान मिनी ट्रेन त्याची नाही, सरकारचीही नाही. तो गेल्यावर 47 वर्षांनी, 1907 मध्ये, ती सुरू झाली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती बांधली आणि पैसा लावला त्यांचे वडील सर आदमजी यांनी.

प्रेमकथेच्या गोडव्यात आणखी एक गोष्ट हरवते, आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. 1857 मध्ये मुंबई इलाख्याचा गव्हर्नर हाच एल्फिन्स्टन होता. त्या जुलैत मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, त्याचा पहिला कुलपती तो. आणि त्याच वर्षी 8 सप्टेंबरला साताऱ्याच्या गेंडामाळावर उठावाच्या कटाबद्दल 17 जणांना देहदंड दिला गेला, तोही त्याच्याच अमलात. साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांचा मुलगा सीताराम त्या 17 जणांत होता.

माथेरानला स्वतःचा नायक आहे. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल 1 डिसेंबर 1912 ला इथेच एका नाभिक कुटुंबात जन्मले, वकील झाले आणि 1942 च्या लढ्यात भूमिगत होऊन मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडत राहिले. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. पुढच्या खेपेला माथेरानला जाल तेव्हा लॉर्डची गोष्ट जरूर ऐका, पण भाईंची गोष्ट आधी विचारा.