पार्सलावरचे लेबल आणि त्याचा खरा वाचक

पार्सल म्हटले की मांजरपाटात शिवलेला गठ्ठा, शिवणीवर ओळीने बसवलेल्या लाखेच्या मोहरा आणि जिभेवर ओली केलेल्या कॉपिंग पेन्सिलीने कापडावर गिरवलेला पत्ता हे चित्र ज्यांच्या डोळ्यांपुढे अद्याप उभे राहते, त्यांना पार्सलावर चिकटवायच्या कागदाच्या एका तुकड्यासाठी स्वतंत्र यंत्र विकत घ्यावे लागते, ही गोष्ट प्रथमदर्शनी चैनीचीच वाटेल. मलाही वाटली होती. चिपळुणास माझ्या वहिनी कोकमे, आगळ, मेतकूट आणि तळलेले गरे यांचा घरगुती व्यवहार चालवतात. रोजची रवानगी तीस-पस्तीस पार्सलांवर गेली तेव्हा यंत्र निवडण्याची कामगिरी, घरात छापील मजकूर वाचणारा मीच, एवढ्या क्षीण आधारावर माझ्याकडे आली, आणि पुढील दोन महिन्यांत मी जे जे ठामपणे सांगितले त्यातले बरेचसे चुकीचे ठरले.

सर्वांत दृढमूल गैरसमज शाईचा. यंत्र छापते त्याअर्थी त्यात शाई असणार, शाई आली की काडतूस आले आणि काडतूस आले की दरमहाचा खर्च आला, अशी साखळी मन आपोआप जुळवते. वस्तुत: पार्सलाच्या लेबलांसाठी जे सर्रास वापरतात त्या डायरेक्ट थर्मल जातीच्या प्रिंटरमध्ये शाई, टोनर, रिबन यांपैकी काहीच नसते, कागदावरच एका रंगहीन रंजकद्रव्याचा आणि त्याला काळे करणाऱ्या आम्लधर्मी द्रव्याचा पातळ लेप दिलेला असतो, आणि छपाई करणाऱ्या हेडवरचा सूक्ष्म कण तापला की त्याखालचा लेप वितळून ही दोन द्रव्ये एकमेकांत मिसळतात व तेवढाच बिंदू काळा होतो. शाई म्हणायचीच तर ती कागदात असते, यंत्रात नव्हे. हे मला कळले ते अप्रतिष्ठा होऊन. घाऊक भावात स्वस्त पडले म्हणून मी क्रोमो कागदाचे सहा रोल आणले. यंत्र गुरगुरले, लेबले शिस्तीत एकामागून एक बाहेर आली, आणि सगळी कोरी. क्रोमोवर असा लेप नसतो, तो रिबनच्या यंत्राचा कागद. “भाऊजी, अक्षरे उमटली आहेत पण पुण्यवंतांनाच दिसतात, असे तर नाही ना?” एवढेच वहिनी म्हणाल्या. तेव्हापासून मी दुकानातच रोलच्या मोकळ्या टोकावर नख जोराने ओढून पाहतो: काळसर रेघ उमटली तर कागद थर्मल, नाही उमटली तर तो जिन्नस आपल्या उपयोगाचा नाही.

याच्या उलट टोकाचा समज असा की थर्मल छपाई उडून जाते, सबब ती भरवशाची नाही. ती फिकी होते हे खरेच आहे. पेट्रोलपंपावरची जुनी पावती खिशातून काढून पाहिली म्हणजे खात्री पटते. परंतु दस्तऐवजाच्या टिकाऊपणाचा विचार त्याच्या मुदतीशी ताडूनच करावा लागतो. खरेदीखत पिढ्यान्‌पिढ्या टिकले पाहिजे; पार्सलावरच्या लेबलाचे कार्य माल ग्राहकाच्या हाती पडताच संपते, म्हणजे सामान्यत: चार-आठ दिवसांत, आणि बऱ्या प्रतीचा थर्मल कागद सावलीत काही महिने सहज वाचनीय राहतो. त्याचे वैरी ठरलेले आहेत: प्रखर ऊन, तेल आणि उष्णता, पैकी पहिले दोघे अक्षर पुसतात, तर तिसरी सगळा कागदच काळवंडवते. वैशाखात टेम्पोच्या पुढच्या काचेमागे दुपारभर राहून गेलेला छापील लेबलांचा गठ्ठा मी पाहिला आहे. राखेसारख्या करड्या कागदावर पट्ट्यांचा नुसता भास उरला होता. गरे भरलेल्या तेलकट बोटांनी लेबल चिकटवू नये, हा वहिनींच्या कारखान्यातला पहिला नियम याच वैऱ्यांच्या ओळखीतून आला.

येथेच एका सदिच्छेतून उद्भवलेल्या चुकीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. लेबल भिजू नये म्हणून त्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी मारण्याची आपल्याकडे जवळजवळ सार्वत्रिक चाल आहे. इंकजेटवर छापलेल्या कागदाला ती आवश्यकच, कारण तिथली पाण्यात विरघळणारी शाई कोकणातल्या पहिल्या सरीतच ओघळते. थर्मल कागदाचे तसे नाही: चार थेंब पडले म्हणून त्याचा मजकूर वाहून जात नाही, उलट कित्येक पट्ट्यांतील गोंदाची व प्लास्टिक मऊ राखणारी द्रव्ये लेपात उतरून अक्षर हळूहळू फिके करतात, आणि वरच्या चकाकीने स्कॅनरचा प्रकाश भलतीकडे परावर्तित होतो तो वेगळाच. ज्याला आपण चिलखत समजतो तेच येथे व्याधीचे कारण होते. मारायचीच असेल तर पट्टी लेबलाच्या कडांवर मारावी, बारकोडवर नव्हे.

यानंतर सूक्ष्मतेचा प्रश्न, आणि त्यावर थोडे रेंगाळण्याची मुभा मी घेतो. विक्रेता सांगतो की २०३ डीपीआयपेक्षा ३०० डीपीआयचे यंत्र घ्या, बारकोड स्वच्छ येईल. २०३ डीपीआय म्हणजे एका मिलिमीटरमध्ये आठ बिंदू, ३०० म्हणजे सुमारे बारा. सोनाराच्या चिठ्ठीएवढ्या लेबलासाठी किंवा बारीक देवनागरी मजकुरासाठी दुसऱ्याचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे, पण चार इंच रुंद आणि सहा इंच लांब अशा पार्सलाच्या लेबलाला पहिले पुरेसे होते. मग छापलेला बारकोड स्कॅनर का नाकारतो? त्याचे उत्तर बारकोडच्या जन्मकथेत आहे. नॉर्मन जोसेफ वुडलँड या अमेरिकन संशोधकाने मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटे ओढता ओढता मॉर्सच्या लिपीतील टिंबे आणि रेघा खाली लांबवून पाहिल्या आणि त्यांतून जाड-बारीक रेषांची कल्पना सिद्ध झाली. १९५२ साली त्याला व बर्नार्ड सिल्व्हर याला तिचे पेटंट मिळाले. म्हणजे अर्थ आहे तो रेषेच्या जाडीत. आता समजा सर्वांत बारीक रेषा तीन बिंदूंची आहे आणि संगणकाने लेबल “पानात बसवा” या हुकुमानुसार किंचित आकसून शेकडा ९४ केले, तर ती रेषा २.८ बिंदूंची झाली. परंतु अर्धामुर्धा बिंदू छापणे हेडला अशक्य, म्हणून काही रेषा तीन बिंदूंच्या राहतात, काही दोनवर येतात, आणि डोळ्यांना निर्दोष दिसणारा बारकोड यंत्राच्या दृष्टीने अशुद्धलेखनाने भरून जातो. विक्री-संकेतस्थळांवरून उतरवलेल्या ए-फोर कागदावर वरच्या अर्ध्यात लेबल आणि खालच्या अर्ध्यात बीजक असते. त्याचे छायाचित्र घेऊन, कापून, ताणून जे छापतात त्यांच्या रेषांच्या कडा करड्या होतात, आणि करडा रंग तर थर्मल हेडला ठाऊकच नाही, त्याला फक्त काळे किंवा कोरे. तेव्हा अधिक पैसे देऊन सूक्ष्मता विकत घेण्यापूर्वी लेबलाचा आकार संकेतस्थळावरच चार-बाय-सहा निवडावा आणि छपाईचे प्रमाण शंभर टक्के ठेवावे. हा उपाय फुकटचा आहे, आणि माझ्या मते यंत्रांच्या किमतीतील फरकाहून मोलाचा.

काळेपणाची मात्रा वाढवली की वाचन सुधारते, हेही तितकेच खोटे. अति उष्णतेने रेषा फुगतात, मधल्या फटी बुजतात, शिवाय हेड लवकर झिजते.

अस्पष्ट बारकोडमुळे पार्सल भलत्याच गावी जाते, ही भीती मात्र बहुतांशी निराधार. आपल्या टपाल खात्याचा तेरा चिन्हांचा क्रमांक घ्या: आरंभी दोन रोमन अक्षरे, मग आठ अंकांचा अनुक्रम, नववा अंक पडताळ्याचा आणि शेवटी भारतदर्शक दोन अक्षरे. पडताळ्याचा अंक आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असल्यामुळे एखादा अंक चुकीचा वाचला गेल्यास हिशेब जुळत नाही व क्रमांक नामंजूर होतो. परिणामी घडते ते हे की कोणी कर्मचारी तो हाताने टंकतो, पार्सल बाजूला पडते, दिवस मोडतो. अशा वेळी माणसाच्या डोळ्यांना उपयोगी पडतो तो ठळक छापलेला पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू झालेली ही सहा अंकी योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतात काव्यरचना करणाऱ्या कोकणच्या सुपुत्राची, हे चिपळुणात बसून लिहिताना सांगितल्यावाचून राहवत नाही.

राहिलेल्या शंका थोडक्यात आटोपतील. दुकानातले बिलाचे यंत्र लेबलाला चालत नाही: त्याचा कागद फार तर ऐंशी मिलिमीटर रुंद, आणि दोन लेबलांमधली फट ओळखणारा सेन्सर त्यात सहसा नसतो. लेबलाच्या यंत्रातही नवा रोल घातल्यावर ही फट त्याला एकदा दाखवून द्यावी लागते. ते न करता अर्धा पत्ता एका लेबलावर आणि अर्धा दुसऱ्यावर आला म्हणून यंत्र परत करणारे लोक आहेत. वेगाचे कौतुक व्यर्थ आहे, कारण सेकंदाला चार इंच या मंद गतीनेही सहा इंचांचे लेबल दीड सेकंदात निघते आणि वहिनींची पस्तीस लेबले एका मिनिटाच्या आत होतात. खोका बांधायलाच त्यांना त्याहून अधिक वेळ लागतो. हेडचे आयुष्य पुष्कळ उत्पादक किलोमीटरमध्ये सांगतात. पंचवीस किलोमीटर धरले तरी दीड लाखाहून अधिक लेबले होतात, म्हणजे आमच्यासारख्यांना दहा वर्षांहून अधिक. पण धूळ, खरखरीत हलका कागद आणि अडकलेले लेबल सुरीच्या टोकाने खरवडण्याची घाई ही मुदत निम्म्यावर आणू शकतात. लेबलावर उभी पांढरी रेघ सतत येऊ लागली की आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने हेड पुसून पाहावे. तरीही ती राहिली तर एखादा कण जळाला, असे समजावे. आणि दिवसाला तीन-चारच पार्सले जात असतील तर यंत्र घेऊच नये. लेसर प्रिंटरचा साधा कागद, वर चिकटपट्टी, एवढ्यावर भागते, कारण टोनर पाण्याने ओघळत नाही.

पार्सलाचेच यंत्र आगळाच्या बाटल्यांनाही चालेल, हा माझा अखेरचा ठाम सिद्धांत होता. बाटली वर्षभर फळीवर राहते, तिला ओले आणि आंबट हात लागतात. तिथे मेण किंवा राळेची रिबन वापरणारी थर्मल ट्रान्सफर छपाईच हवी, आणि ते यंत्र निराळे. वहिनींनी माझा सिद्धांत शांतपणे ऐकून घेतला, एक थर्मल लेबल बाटलीवर चिकटवले आणि बाटली खिडकीत उन्हाला ठेवली. तीन आठवड्यांनी “आगळ” या शब्दातला “आ” तेवढा ओळखू येत होता. बाटल्यांची लेबले आता बाजारपेठेतल्या छापखान्यातून येतात.