मृगया-अलंकरण, सुवर्णमंडित काष्ठातील

लाकडात उठावाने कोरलेले व सोन्याच्या वर्खाने मढविलेले, शिकारीशी निगडित प्रतिमांचे गृहालंकरण. भिंतींचे काष्ठफलक, दारांवरील पट्ट्या तसेच आरशांच्या चौकटी यांवर ते आढळते. त्याचा परमोत्कर्ष १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्स व जर्मन राज्ये यांत झाला.

यातील प्रमुख घटक म्हणजे विजयचिन्हांचा गुच्छ. रणांगणात जिंकलेली शस्त्रे झाडाच्या बुंध्यावर टांगण्याची प्राचीन ग्रीकांची प्रथा होती. पुढे ती केवळ शोभेची कल्पना बनली आणि ढाल-तलवारींच्या जागी शिकारीचे शिंग, बंदूक, जाळे, कुत्र्यांची मुंडकी, मारलेले ससे व पक्षी आले. हे सारे फितीने बांधून खुंटीला लटकविल्यासारखे कोरीत. शिकार बंदुकीने होऊ लागल्यावरही धनुष्य व भाता या गुच्छातून गेले नाहीत. कारण ती डायाना या रोमन मृगयादेवतेची चिन्हे होत.

हा विषय केवळ करमणुकीचा नव्हता. फ्रान्समध्ये शिकारीचा हक्क प्रामुख्याने सरदारवर्गाचा होता. शेताची नासाडी करणारा ससा मारणेही सामान्य शेतकऱ्याला गुन्हा ठरे. हा विशेषाधिकार ऑगस्ट १७८९ मध्ये रद्द झाला. तोपर्यंत दिवाणखान्यातील सोनेरी ससा हा मालकाच्या दर्जाचा दाखलाच होता. पॅरिसमधील तूलूझच्या काउंटच्या प्रासादातील सुवर्णदालनात हे स्पष्ट दिसते. काउंट फ्रान्सचा सागरी सेनापती होता, तसाच राजाच्या शिकारखात्याचा प्रमुखही. म्हणून शिल्पकार फ्रांस्वा-आंत्वान वासे याने १७१८–१९ च्या सुमारास तेथे सागरी व मृगयाविषयक प्रतिमा एकत्र गुंफल्या. हा प्रासाद १८०८ मध्ये बँक ऑफ फ्रान्सकडे आला.

म्यूनिकजवळील निम्फेनबुर्ख उद्यानातील आमालियनबुर्ख हा एकमजली शिकारमहाल (१७३४–३९) रोकोको शैलीचा उत्कृष्ट नमुना होय. फ्रांस्वा द क्यूव्हीये याने बव्हेरियाच्या इलेक्टरची पत्नी मारिया आमालिया हिच्यासाठी तो बांधला. छतावरील सज्जातून ती फेझंट पक्ष्यांची शिकार करी. येथील लाकडी कोरीव काम योहान योआखिम डीट्रिख याचे व चुनेगच्चीचे काम योहान बाप्टिस्ट त्सिमरमान याचे आहे. मध्यवर्ती आरसेमहालात मात्र सोन्याऐवजी निळ्या पृष्ठावर चांदी वापरली आहे. एका खोलीत बंदुकांच्या कपाटांखाली कुत्र्यांसाठी कोनाडे आहेत. अलंकरण आणि प्रत्यक्ष शिकार यांत इतके थोडे अंतर अन्यत्र क्वचितच आढळते.

तंत्र : कोरीव कामासाठी मुख्यतः ओक किंवा लिंडेनचे लाकूड घेत. त्यावर खडू व प्राणिज सरस यांच्या मिश्रणाचे अनेक पातळ थर देत. या थरांमुळे कोरीव रेषा बुजतात. म्हणून थर वाळल्यावर बारीक हत्यारांनी पिसांच्या शिरा, कुत्र्यांची लव, पानांचे काठ पुन्हा कोरीत. नाजूक तपशील त्यामुळे लाकडात नसून या पांढऱ्या लेपातच असतो. नंतर तांबड्या चिकणमातीचा थर देऊन तो पाण्याने ओला करीत व वर्ख बसवीत. उंचवटे अकीकाने घासून चकचकीत करीत आणि खोलगट भाग मंद ठेवीत. त्यामुळे मेणबत्तीच्या उजेडात प्रतिमा हलत्या भासत. जुन्या गोव्याच्या चर्चमधील सुवर्णमंडित काष्ठवेदींचे तंत्रही याच कुळातील आहे.

जुन्या कामाची हानी बव्हंशी निगा राखण्याच्या सद्‌हेतूनेच झालेली आहे. सरसाचा बंध पाण्याने सुटतो. ओल्या फडक्याच्या पुसण्याने वर्खच नव्हे, तर लेपातील कोरीव कामही जाते. वारंवार नवे लेप देऊन वर्ख चढविल्यास पिसारा गुळगुळीत गोळ्यासारखा दिसू लागतो. पितळी भुकटीचा रंग काही वर्षांत तपकिरी-हिरवट पडतो. सोने काढून ‘मूळ लाकूड’ उघडे करण्याची पद्धत तर सर्वांत घातक होय, कारण तिच्यात कारागिराचा अखेरचा हात नाहीसा होतो. उंचवट्यांवर झिजेतून दिसणारी तांबडी माती जुनेपणाची खूण मानतात; परंतु विक्रेते ती मुद्दाम घासूनही दाखवितात, म्हणून एवढ्यावरच विसंबणे योग्य नव्हे.

१९ व्या शतकातील स्वित्झर्लंडच्या ब्रिएन्झ गावची शिकारविषयक काष्ठशिल्पे बाजारात ‘ब्लॅक फॉरेस्ट’ या चुकीच्या नावाने ओळखली जातात. ती सामान्यतः बिनवर्खाची, गडद रंग दिलेली असून त्यांतील तपशील थेट लाकडातच कोरलेला असतो.