चढावर मागचा एक्सल

कर्जतहून पुण्याकडे निघणाऱ्या जड गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात. पळसदरी मागे पडली की बोरघाट सुरू होतो आणि चढ १:३७ पर्यंत जातो. जादा इंजिनं पुढे लावायची सोडून मागे का लावतात? सगळं ओझं पुढून ओढलं तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचा ताण येतो. शिवाय कपलिंग तुटलीच, तर सुटलेले डबे थोपवायला मागे कुणीतरी हवं. १८६३ साली खुल्या झालेल्या या घाटात इंजिनाच्या ताकदीइतकाच जोडाच्या ताकदीचा हिशेब करावा लागतो. पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या चिखलवाटांवर जीप घालणाऱ्या हौशी मंडळींनी हाच हिशेब आपल्या मागच्या एक्सलपाशी करायला हवा, असं मला कळकळीनं वाटतं. गॅरेजमध्ये इंजिनाची चर्चा तासभर चालते आणि एक्सलची वेळ तो तुटल्यावर येते.

महिंद्रनं वर्षानुवर्षं बनवलेली सीजे-३बी जीप घ्या. तिच्या मूळ हरिकेन पेट्रोल इंजिनाचा टॉर्क साधारण १५५ न्यूटन-मीटर, म्हणजे आजच्या मानानं बेताचाच. पण पहिला गिअर २.८ पट, ट्रान्सफर केसचा लो गिअर २.४६ पट आणि क्राउन-पिनियन ५.३८ पट, असा गुणाकार केला की ३७ पट होते. कागदावर ५,७०० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क एक्सलपर्यंत पोचतो. प्रत्यक्षात तो सगळा कधीच पोचत नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. घसरणारा टायर हाच एक्सलचा फ्यूज. टायर मोठे आणि खोल नक्षीचे घातले, की फ्यूजच्या जागी जाड तार बसवली म्हणायची.

डिफरन्शियल जखडून दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या लॉकरची गोष्ट याहून बिकट. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क देतो. एक चाक चिखलात फिरू लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा टॉर्क मिळतो. गाडी अडकते खरी, पण एक्सलचा शाफ्ट वाचतो. लॉकर असला की पकड मिळालेलं एकटं चाक मागच्या एक्सलचा जवळजवळ सगळा टॉर्क घेऊ शकतं. त्यात चढावर वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि मागच्यांवर भार वाढतो. लाल चिखलात गरगरणारं चाक अचानक खालच्या काळ्या कातळावर चावतं, त्या क्षणीच्या झटक्यात शाफ्ट जातो. नुसत्या चिखलापेक्षा चिखलाखालचा दगड घातक असतो, तो यामुळे.

सीजे-३बीच्या मागे डाना ४४ जातीचा एक्सल. क्राउन-पिनियनच्या दृष्टीनं तो या जीपला पुरून उरणारा आहे. दुखणं आहे ते टोकाला: शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर हब वेगळा बसवलेला, मध्ये चावी, वर नट. नट सैल पडला की चावी घाव खात राहते. शिवाय हा एक्सल सेमी-फ्लोटिंग, म्हणजे शाफ्ट चाक फिरवतोही आणि गाडीचं वजनही पेलतो. तो तुटला की चाकच निसटू शकतं. गंमत अशी, की दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज एमबी जीपचा मागचा एक्सल फुल-फ्लोटिंग होता. तिथे हब हाऊसिंगवर स्वतःच्या बेअरिंगांनी उभा असतो आणि शाफ्टकडे फक्त पिळाचं काम उरतं. ट्रकमध्ये आजही तीच पद्धत आहे.

मग सरळ मजबूत एक्सलच का घालू नये? अमेरिकेत शर्यतीच्या मोटारींना फोर्डचा नऊ इंची एक्सल बसवण्याची जुनी परंपरा आहे. १९५७ च्या सुमाराला आलेल्या या एक्सलमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यापासून बरंच खाली बसतं, त्यामुळे दातांचा संपर्क वाढतो. पिनियनच्या मागच्या टोकालाही बेअरिंगचा आधार असतो. बदल्यात घर्षण वाढतं आणि थोडी ताकद उष्णतेत जाते. सरळ रेषेत चारशे मीटर धावणाऱ्या मोटारीला हा सौदा परवडतो. आपल्या जीपसाठी मात्र नुसतं मोठं हाऊसिंग शोधणं मला चुकीचं वाटतं. चार चाकांवर चालवायची तर पुढच्या-मागच्या एक्सलचं रेशो एकच हवं, नाहीतर कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस पिळवटते. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका नव्यानं वेल्ड करताना पिनियनचा कोन चुकला तर जॉइंट-क्रॉस थरथरू लागतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं हाऊसिंगची नळी वाकते, ते वेगळंच. मोठ्या एक्सलचं जादा वजन पाट्यांच्या खाली राहतं, म्हणून खड्ड्यांत चाक जमिनीवर टिकत नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ उत्पादकानं नोंदवलेल्या मूळ तपशिलात फरक पाडणाऱ्या बदलांना आडकाठी करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा कडक अर्थ लावला आहे. हाऊसिंग बदलण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं.

शाफ्टची पिळाची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास २५ टक्के वाढला की ताकद जवळपास दुप्पट होते. म्हणून सीजे-३बीवाल्यानं मूळ डाना ४४ हाऊसिंग तसंच ठेवून दोन तुकड्यांचे शाफ्ट काढावेत आणि हबसकट एकसंध घडवलेले, शक्य तर जाड, शाफ्ट घालावेत. खर्च कमी, रेशो तेच, पाट्यांना हात नाही. तोवर दर पावसाळ्याआधी ड्रम उघडून तो नट टॉर्क रेंचनं आवळून घ्यावा आणि चावी झिजली असेल तर बदलावी.