काविळीचा माग नळापर्यंत

मोरगावला भाद्रपद आणि माघ चतुर्थीला भाविकांची रीघ लागते. अशा यात्रेत कुणी दूषित पाणी प्यायले, तर माणूस ठणठणीत घरी पोहोचतो, कामाला लागतो आणि महिना-सव्वा महिन्याने त्याचे डोळे पिवळे होतात. तोवर पाणी कुठे प्यायलो, हे कुणाला आठवणार? हिपॅटायटिस ईचा विषाणू २ ते १० आठवडे असा दबून राहतो.

दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस एची साथ समजली गेली. जपून ठेवलेले तेव्हाचे रक्ताचे नमुने पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी तपासले. १९८० साली त्यांनी जाहीर केले की हा विषाणू ए नव्हे आणि बीही नव्हे; पुढे तोच ई म्हणून ओळखला गेला. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात अशीच पाण्यातून साथ आली. इचलकरंजीने २०१२ मध्ये तेच भोगले.

विषाणू आतड्यातून यकृतात जातो, तिथल्या पेशींत वाढतो आणि पित्तावाटे शौचात उतरतो. कावीळ दिसण्याच्या आधीपासूनच तो बाहेर पडू लागतो. यकृताची हानी मुख्यतः आपलीच प्रतिकारशक्ती करते, कारण विषाणू मारताना ती त्या पेशीही मारते. मग बिलिरुबिन रक्तात साठते, लघवी गडद होते, अन्नावरची वासना उडते. बहुतेकजण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि श्रेय काविळीच्या माळेला मिळते. तेवढ्यावर कुणाचे बिघडत नसेलही. पण गरोदर बाईच्या गळ्यात माळ घालून वाट पाहणे जिवावर बेतते. शेवटच्या तीन महिन्यांत ही लागण झालेल्या दर शंभर स्त्रियांपैकी २० ते २५ दगावू शकतात. गरोदर बाईला कावीळ दिसली, की त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायला हवे.

हा आजार एकाच घरात एकाकडून दुसऱ्याला फारसा लागत नाही. म्हणून एका आळीत चार-पाच तरुण एकदम पिवळे पडले, की आधी गटाराशेजारून गेलेली जलवाहिनी तपासावी. चीनमध्ये २०११ साली मान्य झालेली लस आपल्या लसीकरण कार्यक्रमात नाही. आपल्या हाती आहे ते टाकीतली क्लोरीनची टीसीएल पावडर, उकळलेले पाणी आणि पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणारी ओटी टेस्ट. ती टेस्ट टाकीजवळच्या नळावर उरकू नये. वाहिनीच्या अगदी शेवटच्या घरातही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले दिसले पाहिजे.